केक व आयसिंगमधील स्वादार्क

स्वादार्क म्हणजे फळ, फूल, साल, बी किंवा शेंग यांतील सुवासिक द्रव्ये मद्यार्क, ग्लिसरीन, तेल किंवा तत्सम द्रवात उतरवून तयार केलेला तीव्र वासाचा द्रव. व्यवहारात तसाच वास देणाऱ्या, कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने बनवलेल्या द्रवालाही हेच नाव दिले जाते. मराठी घरांत त्याला सर्रास ‘इसेन्स’ म्हणतात. केक, बिस्किटे, कस्टर्ड, आइस्क्रीम आणि केकवरील आयसिंग यांत तो थेंबांच्या किंवा चहाच्या चमच्याच्या मापाने घातला जातो. स्वादार्कामुळे पदार्थाच्या पोषणमूल्यात फरक पडत नाही. मैदा, साखर, स्निग्ध पदार्थ आणि अंडी यांच्या मिश्रणाला स्वतःची ठळक चव नसल्यामुळे केक कोणता हे मात्र बहुधा स्वादार्कावरूनच ठरते.

नाव

‘अर्क’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला. बडीशेपेचा अर्क, ओव्याचा अर्क, गुलाबाचा अर्क हे प्रयोग औषधी व्यवहारात जुने आहेत. संस्कृतातील सूर्यवाचक ‘अर्क’ हा शब्द निराळा. एखाद्या चलाख माणसाला ‘पक्का अर्क’ म्हणतात, त्यामागेही थोडक्यात पुष्कळ सामावल्याचीच कल्पना असावी.

काटेकोरपणे पाहता अर्क, तेल आणि इसेन्स या तीन वेगळ्या वस्तू आहेत. अर्कात मूळ वनस्पतीतील द्रव्ये द्रावकात विरघळलेली असतात. सुगंधी तेल हे ऊर्ध्वपातनाने किंवा साल दाबून मिळवलेले शुद्ध तेल असते आणि ते अर्काच्या अनेक पट तीव्र असते. बाजारात वीस मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत मिळणारा इसेन्स बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा पाणी यांत मिसळलेली संश्लेषित स्वादद्रव्ये असतो. पाककृतीत ‘एक चमचा व्हॅनिला’ एवढेच लिहिलेले असते, पण या तिघांपैकी कोणता व्हॅनिला यावर केकचे भवितव्य अवलंबून राहते. त्यात ‘चमचा’ हे मापही मराठी स्वयंपाकघरात संदिग्ध आहे. पाककृतींत अभिप्रेत असलेला चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा, तर मोठा चमचा १५ मिलिलिटरचा असतो. पोहे खायचा चमचा या दोहोंच्या मध्ये कोठेही असू शकतो.

व्हॅनिला

केकच्या संदर्भात व्हॅनिला हा सर्वांत महत्त्वाचा स्वाद. व्हॅनिला ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ऑर्किड कुळातील वेल. तिच्या फुलाची रचना अशी की परागण आपोआप होत नाही, त्यामुळे वेल अन्य देशांत नेल्यावर ती वाढे, फुले, पण शेंगा धरत नसे. १८४१ साली हिंदी महासागरातील रेयुनियों या फ्रेंच बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने फुलातील पडदा बारीक काडीने उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधली. आजही मादागास्करपासून केरळपर्यंत व्हॅनिलाचे प्रत्येक फूल याच पद्धतीने हाताने फळवले जाते. फूल एकच दिवस उमललेले असते, म्हणून हंगामात रोज सकाळी बागेत फेरी घालावी लागते.

वेलीवरून काढलेल्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो. शेंगा गरम पाण्यात बुडवणे, कापडात गुंडाळून घाम आणणे, उन्हात व नंतर सावलीत वाळवणे आणि पेटीत मुरवणे अशा काही महिन्यांच्या प्रक्रियेत त्या काळपट, लवचीक होतात आणि त्यांतील व्हॅनिलिन मोकळे होते. तयार शेंगेत व्हॅनिलिनचे प्रमाण सुमारे दोन टक्के असते. उरलेल्या स्वादात दोनशेहून अधिक संयुगांचा वाटा असतो आणि नैसर्गिक अर्काला येणारी लाकडी, किंचित धुरकट, मनुकेसारखी छटा त्यांचीच असते.

व्हॅनिलिन शेंगेतून शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम १८५८ साली निकोला-तेओदोर गोब्ले या फ्रेंच रसायनज्ञाने केले. १८७४ मध्ये फेर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान या जर्मन संशोधकांनी सूचिपर्णी झाडांतील कोनिफेरिन या द्रव्यापासून ते प्रयोगशाळेत बनवले आणि होल्ट्‌समिंडेन येथे त्याचा कारखाना निघाला. त्यानंतर बराच काळ लवंगेच्या तेलातील युजेनॉलपासून, पुढे कागद कारखान्यांच्या लाकडी टाकाऊ द्रवातील लिग्निनपासून आणि आता मुख्यतः खनिज तेलापासून मिळणाऱ्या ग्वायाकॉलपासून व्हॅनिलिन तयार होते. जगात वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिलिनपैकी शेंगेतून येणारा भाग एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर व्हॅनिला केक खाल्ला आहे, त्यांतील बहुतेकांनी व्हॅनिलाची शेंग कधी चाखलेली नसते.

भारतात व्हॅनिलाची लागवड मुख्यतः कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूत होते. मादागास्करमधील वादळांनंतर २००३ च्या सुमारास जागतिक भाव विलक्षण चढले, दक्षिणेतील अनेक शेतकरी या पिकाकडे वळले आणि पुढील दोन-तीन वर्षांतच भाव कोसळल्यावर अनेकांनी वेली उपटून टाकल्या. संश्लेषित व्हॅनिलिन स्वस्त व मुबलक असल्यामुळे शेंगेचा भाव वाढला की मोठे खरेदीदार त्याकडे वळतात, हे या पडझडीचे एक कारण होते.

अमेरिकेच्या अन्ननियमांनुसार ‘व्हॅनिला अर्क’ या नावाने विकल्या जाणाऱ्या द्रवात किमान ३५ टक्के मद्यार्क आणि दर लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम शेंगांचा सत्त्वांश असावा लागतो. घरी अर्क करणारे हेच प्रमाण धरतात. शंभर मिलिलिटर व्होडका किंवा रममध्ये तीन-चार शेंगा उभ्या चिरून, झाकणबंद काचेच्या बाटलीत, अंधाऱ्या जागी किमान दोन महिने ठेवतात. बाटली अधूनमधून हलवतात. दोन महिन्यांनी रंग तपकिरी झाला तरी चव कोवळीच असते. सहा महिने थांबणाऱ्यास अधिक गोलाई मिळते.

इतर स्वादांची रसायने

व्हॅनिलाप्रमाणेच अनेक परिचित स्वादांमागे एखादे प्रमुख संयुग असते. केळ्याच्या इसेन्समध्ये आयसोअमाइल अॅसिटेट, अननसाच्या इसेन्समध्ये इथाइल ब्यूटिरेट, लिंबाच्या वासात सिट्राल, लोण्याच्या वासात डायअॅसिटिल ही द्रव्ये पुढे असतात. वेलदोड्याचा वास सिनिओल आणि टर्पिनिल अॅसिटेट यांच्या जोडीतून येतो. केशराच्या वासात सॅफ्रानल असते. स्ट्रॉबेरीचे मात्र तसे नाही. तिचा वास अनेक द्रव्यांच्या मेळातून उमटतो, त्यामुळे स्ट्रॉबेरीचा स्वस्त इसेन्स गोळीसारखा लागतो आणि महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी खाल्लेल्यास तो लगेच ओळखू येतो.

बदामाच्या इसेन्सची गोष्ट वेगळी आहे. त्यातील बेन्झाल्डिहाइडचा वास आपण खातो त्या गोड बदामाला जवळजवळ नसतोच, तो कडू बदामाचा आणि जर्दाळूच्या बीचा वास आहे. कडू बदामात अॅमिग्डॅलिन असते आणि ते फुटले की बेन्झाल्डिहाइडबरोबर विषारी हायड्रोजन सायनाइडही निर्माण होते. खाद्य वापराच्या नैसर्गिक कडू बदाम तेलातून ते काढून टाकलेले असते. घरी कडू बदाम किंवा जर्दाळूच्या बिया कुटून अर्क काढण्याचा प्रयोग म्हणूनच करू नये. बदामाचा इसेन्स अतिशय प्रबळ असतो. व्हॅनिला जेथे एक चमचा लागतो तेथे याचे पाव चमचाही पुष्कळ होते.

महाराष्ट्रातील वापर

मराठी गोडाधोडाला स्वाद देण्याची जुनी पद्धत अर्काची नसून पुडीची आहे. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी यांत वेलदोडा आणि जायफळ यांची जोडी ठरलेली असते आणि सणावाराला केशर येते. केक हा पदार्थ महाराष्ट्रात युरोपीय, गोवेकर आणि इराणी-पारशी बेकऱ्यांतून पसरला आणि येथील जुन्या मसाल्यांशी त्याची लवकरच सोयरीक झाली. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांतील मावा केक हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यात खवा असतो आणि व्हॅनिलाच्या जागी किंवा त्याच्या जोडीला वेलदोडा असतो. ग्रँट रोड येथे १९१४ साली सुरू झालेली बी. मेरवान आणि पुण्याच्या लष्कर भागातील कयानी बेकरी या मावा केकसाठी प्रसिद्ध झाल्या. गोव्याच्या बेबिंकेत जायफळ घालतात, तर रवा आणि ओल्या नारळाच्या बात या केकमध्ये नारळच स्वाद देतो. वसई-मुंबई परिसरातील मराठी बोली बोलणारा ईस्ट इंडियन समाज नाताळात मार्झिपान करतो, त्यात गुलाबपाणी घालण्याची रीत आहे.

घरगुती केकचा प्रसार मात्र विजेवरील गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनमुळे आणि ओव्हन नसलेल्या घरांत कुकरमध्ये वाळू किंवा मीठ पसरून त्यावर भांडे ठेवण्याच्या युक्तीमुळे झाला. वाणसामानाच्या दुकानात कस्टर्ड पावडर, बेकिंग पावडर आणि इसेन्सची चिमुकली बाटली शेजारी शेजारी असत. व्हॅनिला, अननस, गुलाब, केवडा आणि मिक्स फ्रूट हे तेव्हाचे नेहमीचे स्वाद. शाकाहारी घरांत बिनअंड्याचा केक घट्ट गोड दुधावर किंवा दही-सोड्यावर होतो. अंड्याच्या केकमध्ये व्हॅनिला अंड्याचा वास झाकतो, बिनअंड्याच्या केकमध्ये तो दुधाची शिजलेली चव सावरतो. सोडा जास्त पडल्याने येणारी साबणासारखी चव मात्र कोणताही इसेन्स झाकू शकत नाही, इसेन्स वाढवल्याने उलट ती अधिक बोचते.

स्वाद व सुगंध द्रव्यांच्या निर्मितीतही मराठी उद्योजकांचा सहभाग जुना आहे. १९२२ साली मुंबईत स्थापन झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी ‘केवा’ या नावाने अत्तरद्रव्ये आणि खाद्यस्वाद बनवते. मुलुंडशी या कंपनीचे नाते जुने असून तेथील वझे महाविद्यालय केळकर एज्युकेशन ट्रस्ट चालवते.

संत्र्याचा घरगुती स्वाद

विदर्भात घरी करता येण्यासारखा सर्वांत चांगला स्वाद संत्र्याचा आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आंबिया बहाराची आणि फेब्रुवारीपासून मृग बहाराची फळे बाजारात येतात. भंडारा हा भाताचा जिल्हा असला तरी नागपूर शेजारीच असल्याने हंगामात संत्री भंडारा, वरठी, तुमसर येथील बाजारांत सहज मिळतात.

संत्र्याचा वास रसात कमी आणि सालीत अधिक असतो. सालीच्या नारिंगी थरात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. साल वाकवली की फवारा उडतो तो त्यांचाच. या तेलात बहुतांश लिमोनिन असते, पण संत्र्याचा खास वास त्यातील अल्प प्रमाणातील इतर द्रव्यांमुळे येतो. नारिंगी थराखालील पांढरा थर कडू लागतो. पाश्चात्त्य पाककृतींत वापरतात ती घट्ट सालीची मोसंबीवर्गीय फळे किसणे सोपे असते. नागपुरी संत्रे सैल सालीचे असल्याने सोललेली साल खिसणीवर धरताच येत नाही. म्हणून फळ सोलण्यापूर्वी, अख्खे असतानाच, धुऊन व कोरडे करून बारीक खिसणीवर हलक्या हाताने खिसावे. पांढरे दिसू लागले की फळ फिरवावे. दोन फळांचा खीस एका मध्यम केकला पुरतो.

हा खीस तसाच पिठात टाकण्यापेक्षा केकसाठी मोजलेल्या साखरेत बोटांनी चोळावा. साखरेच्या कडांनी तेलाच्या पिशव्या फुटतात, साखर ओलसर आणि केशरी होते, आणि नंतर ती लोण्याबरोबर फेटताना तेल स्निग्धांशात उतरते. याच्यापुढे बाटलीतला ‘ऑरेंज इसेन्स’ फिका पडतो, हे एकदा करून पाहिल्यावर सांगावे लागत नाही. खीस मद्यार्कात मुरवून अर्कही करता येतो, पण उजेडात व उष्णतेत लिमोनिनचे ऑक्सिडीकरण होऊन त्याला टर्पेंटाइनसारखा वास येतो. असा अर्क थोडाच करावा आणि थंड जागी ठेवावा. संत्र्याचा रस वापरायचा असल्यास तो आटवूनच घालावा. एरवी मिश्रण पातळ होते आणि रसातील आम्ल सोड्याशी आधीच झगडून बसते.

केकमध्ये वापरताना

अडीचशे ग्रॅम मैद्याच्या केकला साधारण इसेन्स एक चहाचा चमचा पुरतो. सुगंधी तेल असेल तर दोन-तीन थेंब. अर्क केव्हा घालायचा याबद्दल घरोघरी वेगळी सवय असते, पण स्वादद्रव्ये बहुधा पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात आणि मद्यार्कात चांगली विरघळतात. म्हणून लोणी-साखर फेटून अंडी घालतानाच अर्क मिसळणे योग्य. शेवटी मैदा घातल्यावर अर्क घातला, तर तो सारखा पसरावा म्हणून मिश्रण जास्त ढवळावे लागते, त्यात मैद्याचा चिवटपणा वाढतो आणि केक दडस होतो. स्वाद गेला नसला तरी पोत गेलेला असतो.

भट्टीतील उष्णतेत स्वादाचा काही भाग उडून जातो. मद्यार्क ७८ अंश सेल्सियसला उकळतो आणि जाताना हलकी सुवासिक द्रव्ये सोबत नेतो. केकच्या गाभ्याचे तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते, तरी बाहेर पडणाऱ्या वाफेबरोबर वास निसटतोच. केक भाजताना घरभर घमघमाट सुटतो, तो केकमधून गेलेलाच वास आहे. व्हॅनिलिनचा उत्कलनबिंदू उंच असल्याने ते बऱ्यापैकी टिकते, फळांचे एस्टर मात्र लवकर उडतात. म्हणून अननसाचा इसेन्स स्पंजमध्ये अशक्त आणि आयसिंगमध्ये ठळक लागतो. नैसर्गिक व्हॅनिलातील नाजूक छटाही भाजण्यात हरवतात. महाग शेंगेचा अर्क साध्या चॉकलेट केकमध्ये घालणे हा म्हणूनच बराचसा अपव्यय आहे. तो कस्टर्ड, न भाजलेले क्रीम किंवा आयसिंग यांसाठी राखावा.

मसाल्यांचे स्वाद वापरताना ते ताजे कुटावेत. वेलदोड्याचे दाणे चमचाभर साखरेबरोबर कुटल्यास पूड बारीक होते. जायफळ ऐनवेळी उगाळावे किंवा खिसावे, आणि चिमटीपुरतेच, कारण मोठ्या प्रमाणात ते शरीराला अपायकारक असते. केशर कोमट दुधात अर्धा तास भिजवल्यावाचून रंग आणि वास देत नाही. चॉकलेट केकमध्ये व्हॅनिलाबरोबर चिमूटभर इन्स्टंट कॉफी घातल्यास कॉफीची चव न येता चॉकलेट गडद लागते.

एका केकमध्ये अनेक स्वाद घालण्याचा मोह टाळावा. बटरस्कॉच, गुलाब आणि अननस असे तीन वास एकत्र आले की कोणताच ओळखू येत नाही. व्हॅनिला मात्र इतरांच्या पाठीशी उभा राहतो. संत्रे, कॉफी, बदाम, आंबा यांपैकी कोणाशीही अर्धा चमचा व्हॅनिला जुळतो.

आयसिंगमध्ये वापरताना

आयसिंग भाजले जात नाही. जे घातले तेच जिभेवर येते, त्यामुळे चूक लपत नाही. दुसऱ्या बाजूने, थंड पदार्थातून वास कमी सुटतो. फ्रिजमधून काढलेल्या केकवरील आयसिंग फिके वाटते आणि तेच पंधरा मिनिटे बाहेर राहिल्यावर बरोबर लागते. म्हणून आयसिंगची चव ते फेटत असतानाच्या तापमानाला घ्यावी आणि अर्क थेंबाथेंबाने वाढवावा. अडीचशे ग्रॅम पिठीसाखरेच्या लोण्याच्या आयसिंगला अर्धा चमचा इसेन्स हे सुरुवातीचे माप धरता येते.

आयसिंगचा प्रकार पाहून अर्क निवडावा लागतो. लोण्याच्या आयसिंगला मद्यार्कातील अर्कही चालतो आणि तेलही. अंड्याचा पांढरा बलक फेटून केलेल्या रॉयल आयसिंगमध्ये तेलाचा थेंब पडला की फेस बसतो, तेथे तेलविरहित इसेन्सच हवा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये याच्या नेमके उलट होते. पाण्याचा किंवा मद्यार्काचा थोडासा अंश पडला तरी चॉकलेट एकदम घट्ट होऊन रवाळ गोळा बनते, म्हणून तेथे तेलातील स्वाद वापरतात. सायीचे किंवा वनस्पतीजन्य व्हिपिंग क्रीम फेटून मऊ शिखरे येऊ लागल्यावर अर्क घालावा. फळाचा क्रश घालायचा असल्यास तो थरांमध्ये पसरणे बरे. क्रशमध्ये साखर, आम्ल आणि पाणी असल्याने तो क्रीममध्ये जास्त मिसळला तर क्रीम सैल पडते.

नैसर्गिक व्हॅनिलाचा तपकिरी रंग पांढऱ्या आयसिंगला पिवळसर छटा देतो. निखळ पांढरे हवे असल्यास बिनरंगी इसेन्स घ्यावा लागतो आणि तो बहुधा कृत्रिम असतो. बाजारातील पिवळ्या, खारट लोण्याने आयसिंग खारट होते आणि ती चव व्हॅनिलाने जात नाही. घरच्या पांढऱ्या लोण्यात ताकाचा अंश राहिल्यास आंबूसपणा येतो. ते थंड पाण्याने तीन-चार वेळा धुऊन, पाणी पूर्ण निथळून वापरावे.

विदर्भातील उन्हाळा ही आयसिंगची खरी परीक्षा आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानक ज्या गावात आहे त्या वरठीसारख्या ठिकाणी मे महिन्यात दुपारचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते, आणि लोणी तर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. अशा वेळी भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटणे आणि काम पहाटे किंवा रात्री करणे हाच उपाय. सैल आयसिंग सावरण्यासाठी पिठीसाखर वाढवत गेल्यास गोडी वाढून स्वाद दबतो. त्या ऋतूत लोण्याच्या आयसिंगऐवजी पिठीसाखर आणि संत्र्याच्या रसाचा पातळ लेप केकवर ओतणे शहाणपणाचे ठरते. तो वितळण्याचा प्रश्नच नसतो आणि रसातील आम्लामुळे गोडीही आटोक्यात राहते.

मद्यार्क आणि दारूबंदी कायदा

मद्यार्कातील स्वादार्क हा महाराष्ट्रात कायद्याचाही विषय ठरला आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मद्य या संज्ञेची व्याप्ती मोठी होती. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी वैध ठरवला, परंतु मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधन द्रव्ये बाळगणे आणि वापरणे यांवरील बंदी अवैध ठरवली. त्यानंतर कायद्यात घातलेल्या कलम २४-अ नुसार प्रसाधने, औषधे आणि जंतुनाशके यांच्याबरोबर मद्यार्कयुक्त स्वादार्क, इसेन्स आणि सरबते यांनाही सूट मिळाली. अट एकच, ती मादक पेय म्हणून पिण्यास अयोग्य असली पाहिजेत. व्हॅनिलाची बाटली किराणा दुकानात खुलेपणाने मिळते त्यामागे हा तपशील आहे. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यात असल्याने हा कायदा येथे नंतर लागू झाला. कायद्याचे आजचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे आहे.

घरी व्होडकात अर्क मुरवणे ही मात्र वेगळी बाब आहे, कारण तेथे आधी मद्य विकत घ्यावे लागते. विदर्भातील वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे असल्याने तेथे हा मार्ग बंद आहे. धार्मिक किंवा अन्य कारणांनी मद्यार्क वर्ज्य असणाऱ्यांनाही पर्याय लागतो. खाद्य दर्जाच्या ग्लिसरीनमध्ये थोडे पाणी मिसळून त्यात शेंगा मुरवता येतात. हा अर्क गोडसर आणि सौम्य होतो, त्याला वेळही अधिक लागतो. आणखी सोपा मार्ग म्हणजे चिरलेली शेंग पिठीसाखरेच्या डब्यात खुपसून ठेवणे. दोन-तीन आठवड्यांत साखरेला वास लागतो आणि तीच साखर आयसिंगला वापरता येते.

बाटलीवरील मजकूर

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत स्वादद्रव्यांचे तीन वर्ग आहेत: नैसर्गिक, निसर्गसदृश आणि कृत्रिम. वनस्पती किंवा प्राणिज पदार्थातून भौतिक प्रक्रियेने मिळवलेले ते नैसर्गिक. निसर्गात आढळणाऱ्या संयुगाशी रासायनिकदृष्ट्या एकरूप, पण कारखान्यात बनवलेले ते निसर्गसदृश. निसर्गात न आढळलेले ते कृत्रिम. या व्याख्येनुसार संश्लेषित व्हॅनिलिन निसर्गसदृश ठरते, तर त्याहून दोन ते चार पट तीव्र असलेले इथाइल व्हॅनिलिन कृत्रिम ठरते. दोन्हींच्या बाटलीवर व्हॅनिलाचे फूल आणि शेंग यांचे चित्र छापलेले असू शकते, म्हणून चित्राऐवजी बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचावी. स्वाद मिसळलेल्या पदार्थावर त्याचा वर्ग लिहिणे बंधनकारक आहे, आणि कृत्रिम स्वाद असेल तर त्याचे नावही द्यावे लागते.

‘निसर्गसदृश’ हा शब्द कानाला आश्वासक वाटतो, पण तो उगमाविषयी काहीच सांगत नाही. त्याचप्रमाणे ‘कृत्रिम’ म्हणजे घातक असेही नव्हे. रेणू तोच असेल तर शरीराच्या दृष्टीने त्याचा उगम महत्त्वाचा नसतो. प्रश्न किमतीचा आणि प्रामाणिकपणाचा आहे. शेंगेचा भाव मोजणाऱ्याला शेंगच मिळाली पाहिजे.

काही नैसर्गिक द्रव्येही निषिद्ध आहेत. टोंका बियांतील कुमारिनचा वास व्हॅनिलाशी जुळतो आणि स्वस्त अर्कांत त्याची भेसळ पूर्वी होत असे. प्राण्यांवरील प्रयोगांत यकृताला इजा झाल्याचे दिसल्यानंतर अमेरिकेने १९५४ साली अन्नात कुमारिन घालण्यावर बंदी आणली. भारतीय नियमांतही कुमारिन, टोंका बी, सॅफ्रोल आणि थुजोन ही द्रव्ये स्वाद म्हणून वापरण्यास मनाई आहे. अत्तराच्या दुकानातील गुलाब, केवडा किंवा चंदन यांची तेले खाण्यासाठी बनवलेली नसतात. बाटलीवर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक नसेल तर वास कितीही मोहक असला तरी ते केकमध्ये घालू नये. अनेक इसेन्समध्ये स्वादाबरोबर रंगही असतो, लहान मुलांच्या वाढदिवसाचा केक करताना याकडे विशेष लक्ष द्यावे. घरी केलेले केक विकणाऱ्यांना प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, आणि ‘शुद्ध व्हॅनिला’ असे सांगून कृत्रिम इसेन्सचा केक विकणे ही ग्राहकाची दिशाभूल ठरते.

साठवण

मद्यार्कातील अर्क घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत, चुलीपासून दूर ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकतो. व्हॅनिलाचा अर्क तर मुरत जातो. त्याला फ्रिजची गरज नसते, थंडीत त्यातील काही अंश गढूळ होऊन तळाशी बसतो. लिंबू-संत्र्याची तेले मात्र फ्रिजमध्येच ठेवावीत आणि वर्षाच्या आत संपवावीत. फळांचे इसेन्स वापराच्या मुदतीपूर्वीही विरळ होतात, कारण बाटलीचे प्लॅस्टिकचे झाकण वास पूर्णपणे अडवत नाही. कपाट उघडताच इसेन्सचा वास येत असेल तर बाटलीत तेवढा कमी उरला आहे असे समजावे.